आधी विहिरीला

विहिरीतलं पाणी मोजायची आमची पद्धत साधी आहे. पोलादी टेपच्या टोकाकडे खडू फासायचा आणि टेप तळापर्यंत सोडायची. जिथवर खडू धुतला जातो तिथवर पाणी. तंजावूर जिल्ह्यात भूजल खात्यासाठी एकोणीस वर्षं मी हेच करतोय, आणि विहिरींच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीत भामाअक्कांची विहीर. ती कोरडी असेल तोवरच गल्लीला टँकर, असा नियम. घरात त्यांचे यजमान वेंकटराव दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले.

मे महिन्यातल्या त्या सकाळी मी टेप वर ओढली. हाताला खडखडीत कोरडी लागली. पण शेवटच्या दोन फुटांवरचा खडू साफ पुसलेला होता.

पुन्हा फासला, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. बादली सोडून पाहिली, तर तळाची धूळ वर आली.

"पाणी आहे म्हणून लिहूं नका, सार," भामाअक्का म्हणाल्या. "टँकर थांबला तर यांना काय पाजूं?"

"मग खडू गेला कुठे?"

त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. "आमच्या घरांत पहिला चेंबू, पहिला तांब्या विहिरीला, मग माणसांना. सासूबाईंपासून तसंच. टँकर आल्यापासून मीच बंद केलं. मोजून मिळतं तें पाणी, ओतूं कसं?"

ऊन चढत होतं, अजून चार विहिरी बाकी होत्या. "ओता एकदाचं आणि मोकळ्या व्हा," मी वैतागून म्हणालो. हे मीच म्हणालो.

त्यांनी तांब्याभर पाणी आणून ओतलं. टेप माझ्या हातात, खाली सोडलेली. मी कान दिला. बासष्ट फुटांवर पाणी पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही.

मग टेपला खालून हिसका बसला. हलकाच. लगेच आणखी एक, पोरानं आईचा पदर ओढावा तसा.

मी टेप सोडून दिली. मला भीती वाटली.

भामाअक्का आत गेल्या. हंडा आणून ओतला. मग दुसरा.

"अक्का, पुरे."

"थांबा, सार. अजून मागते आहे."

मी नोंदवहीत 'कोरडी' लिहिलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

आतून वेंकटरावांनी हाक मारली. "तण्णी... पाणी." घसा सुकलेला ऐकू येत होता.

"आलें, आलें," भामाअक्का मायेनं म्हणाल्या, आणि घरातली शेवटची कळशी त्यांनी विहिरीत उपडी केली.