येलदरीच्या पाण्यातलं तळघर

येलदरी धरणाच्या फुगवट्यात एक टेकडी आहे आणि तिच्यावर पडकं देऊळ. महेश्वरीच्या आजोबांच्या बुडालेल्या गावाचं एवढंच काय ते उरलेलं! त्याच्या तळघरातलं शिवलिंग बोरी गावातल्या घरी आणायचं, या एका ध्यासापायी सिद्धलिंगकाका जानेवारीच्या कडाक्यात होडीत बसले होते. देवळाची भिंत कलली होती. पुढचा पावसाळा ती काढणार नव्हती. सोबत पुतणी महेश्वरी आणि वल्ही मारणारा मुंजाजी. तळघरात पाझराचं पाणी साचलेलं, म्हणून जनरेटर आणि पंपही घेतला होता.

महेश्वरी विजेची कामं करायची. सकाळच्या दाट धुक्यात तिनं जनरेटर देवळापासून वीस पावलांवर, उघड्यावर ठेवला. थंडीनं इंजिन आखडलेलं. चोक ओढून हिसके देता देता तिचा तळहात सोलवटला, तेव्हा कुठं ते धडधडलं. पंप सुरू झाला आणि काका तळघरात उतरले.

"मुंजाजीमामा, ह्याला हितनं हलवू नका. धूर लय वंगाळ असतोय," असं बजावून ती पेट्रोलचा डबा आणायला खाली होडीकडं गेली.

परतली, तर जनरेटर जागेवर नव्हता! मुंजाजी देवळाच्या दाराशी डोकं धरून बसलेला.

"गारठून बंद पडलं व्हतं, बाई. मग आत घेऊन चालू केलं, दाराला पोती लावली. वासराला लावतो तशी."

काका खाली तळघरात होते, आणि सगळा धूर आत कोंडला होता. बिचाऱ्यानं मायेनंच केलं होतं, आणि तेच जिवावर उठलं होतं.

"काका!"

श्वास रोखून ती आत घुसली. इंजिन बंद केलं. पोती ओरबाडली. बाहेर पडून छातीभर हवा घेतली.

मुंजाजी पायऱ्यांकडं धावला. तिनं त्याची बंडी धरली. "थांबा! आत्ता उतरलाव तर तुमीबी पडाल!"

वारा आत खेळेपर्यंत थांबणं भाग होतं. वरून दिसत होतं, काका खालच्या पायरीवर कलंडलेले आणि पंप थांबल्यानं पाणी चढतंय. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. असं उभं राहणं तिला आयुष्यात कधी जमलं नसतं. त्या दिवशी तिनं जमवलं.

मग ती उतरली. काकांनी लिंग सोडवून वरच्या पायरीवर आणलं होतं, दोरीही बांधली होती. गाठ ओली, घट्ट. तिनं दातांनी ती सोडली. लिंग गडगडत पाण्यात गेलं. दोरी काकांच्या काखेतून घेत ती ओरडली, "ओढा, मामा!"

होडीत काका हुडहुडत शुद्धीवर आले. दवाखाना अजून लांब होता. मुंजाजी मान खाली घालून वल्ही मारत होता.

"लिंग आलं का वर?"

"न्हाई, काका. दोरी एकच व्हती."

काकांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे गदगदू लागले. महेश्वरीनं समजूत घातली नाही. रडू देत! रडताना माणूस श्वास तरी घेतो.