लांबडं

“आत्या, एकदा ‘दोर’ म्हणून दाखव की!”

उमाबाईंचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. ईश्वरप्पा, त्यांचा धाकटा भाऊ आणि सिंधुचा बाप, अजून कचेरीतून आला नव्हता. भावजय नागुबाई, सिंधुची अव्वा, नळावर गेली होती.

“दोर,” त्या हळूच म्हणाल्या. “झालं? आता सरक, तवा तापलाय.”

“बघ! म्हणलीस की! अन् आप्पा घरात असले की ‘लांबडं’ म्हणतेस.” सिंधुने मांडीवरच्या कागदावर भराभर काहीतरी लिहिलं.

निलंग्याकडच्या त्यांच्या गावात दिवेलागणीनंतर सापाचं नाव कुणी घेत नसे, त्याला ‘लांबडं’ म्हणत. पण दोराला लांबडं म्हणणारं घर उभ्या मुलखात हे एकच होतं, आणि ते सिंधुला कळलं नांदेडच्या वसतिगृहात. पहिल्याच आठवड्यात धुणं वाळत घालताना ती खोलीतल्या मुलीला म्हणाली, “तुझ्या पलंगाखाली लांबडं हाय, तेवढं काढून दे.” ती मुलगी किंचाळत खिडकीवर चढली, पहारेकरी काठी घेऊन धावत आला... आणि बी. ए. होईपर्यंत सिंधुचं नाव ‘नागीण’च राहिलं! सगळ्यांबरोबर तीही हसली होती. मग रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती. जो शब्द ती साऱ्या जगाचा समजत होती, तो फक्त चार माणसांचा होता.

आता त्याच शब्दावर ती टिपण लिहीत होती. तिला पुण्याला भाषाशास्त्रात एम. ए. करायचं होतं. प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीतली एक खास गोष्ट नीट तपासून लिहायची होती, आणि पाकीट आजच टपालात पडायला हवं होतं.

“एक गोष्ट मला कळत न्हाई, आत्या,” सिंधु म्हणाली. “बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तो परगावी असला तरी घेत न्हाईत. आपल्याकडं मात्र आप्पा घराबाहेर पडले की तू दोर म्हणतेस, अव्वा बी म्हणते. आप्पांच्या चपला वाजल्या की बंद! मग हा शब्द आपण नेमका कुणापायी टाळतो? तुझ्यापायी... का आप्पांपायी?”

उमाबाईंची भाकरी तव्यावर करपली. इतकी वर्षं जे कुणाच्या ध्यानात आलं नाही, ते या पोरीच्या कानाने पकडलं होतं!

ते बहात्तरचं साल होतं. विहिरीच्या तळाशी वाटीभर पाणी झिरपायचं, आणि ते भरायला हलक्या अंगाची पोरं दोराने आत सोडायची, अशी गावाची रीतच पडली होती. त्या दुपारी ईश्वरप्पाने आपल्या थोरल्या लेकाला, संगूला, आत सोडलं होतं. दोर ईश्वरप्पाच्या हातात होता. मागचं टोक तेवढं उमाबाईंनी धरलं होतं. संगू वर येऊ लागला होता आणि तेवढ्यात दुष्काळी कामावरच्या मुकादमाने बांधावरून हाक मारली. हजेरी बुडाली तर रोज बुडेल, या भीतीने ईश्वरप्पा वळला, हात ढिला पडला... उमाबाईंच्या तळव्यांची सालटी काढत दोर सरसरत खाली गेला. नागुबाई खडी फोडायच्या कामावरून धावत आली तेव्हा ईश्वरप्पा दातखीळ बसून पडला होता. “कुणाच्या हातून सुटला?” असा तिने टाहो फोडला, आणि उमाबाईंनी आपले रक्ताळलेले तळवे पुढे केले. “माझ्या!”

त्या क्षणी त्यांनी एवढाच विचार केला होता की आपण नवऱ्यामागे भावाच्या दारात राहिलेली बाई, आपल्यावर कुणाची माया उरली नाही तरी घर चालेल. पण नागुबाईची नवऱ्यावरची माया तुटली, तर ही सिंधु कुणाकडे पाहून वाढेल?

आठ दिवसांनी कुणी तरी ‘दोर’ म्हणालं आणि ईश्वरप्पा भरल्या ताटावरून उठून ओकला. त्या दिवसापासून उमाबाईंनी लांबडं म्हणायला सुरुवात केली. नागुबाईने तोंड वाकडं केलं. “स्वतःचं पाप झाकायला शब्द बी बदलला बाईनं!” नणंदेला उद्देशून तिने उच्चारलेलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर सगळं भिंतीला, नाहीतर सिंधुला. “सिंधे, सांग तिला, पीठ संपलंय.” पुढे लातूर जिल्हा झाला, नव्या कचेरीत ईश्वरप्पाला शिपायाची नोकरी लागली, गाव सुटलं. एका खोलीत तिघं मोठी माणसं राहू लागली, पण त्यांच्यामधली विहीर काही बुजली नाही.

“सिंधे, फाड ते,” उमाबाई म्हणाल्या. “दुसरं काही लिही. आपल्यात कानडी शब्द लई हायत, ते लिही!”

“आता? चारला टपाल निघतं, आत्या!”

“तुझ्या पाया पडते...”

सिंधुने लिहिणं थांबवलं. मग शांतपणे म्हणाली, “फाडते. पण मग पुणं न्हाई. आप्पांनी सांगितलंय, औंदा न्हाई जमलं तर औरादच्या स्थळाला होकार द्यायचा.” तिने कागद दोन्ही हातांत धरले.

उमाबाईंनी पिठाचे हात पुढे केले. एक लेकरू या दोरापायी गेलं... आता दुसरंही त्याच विहिरीत सोडायचं? आणि या वेळी खरोखरच आपल्या हातांनी?

“थांब!” त्या ओरडल्या. “फाडू नकोस!”

दारात घागर आदळली. नागुबाई उंबऱ्यात उभी होती, पाणी तिच्या पायांवरून आत वाहत होतं. ती केव्हापासून ऐकत होती, कोण जाणे, पण सिंधुचा तो ‘का आप्पांपायी?’ तिने नक्की ऐकला होता. ती भिंतीला टेकून बसली ती ईश्वरप्पा जेवायला येईपर्यंत.

तो आला, टोपी काढली, ओल्या जमिनीकडे बघून म्हणाला, “पाणी कुणी सांडलं?”

“अहो,” नागुबाई म्हणाली, “त्या खुंटीवर काय टांगलंय?”

ईश्वरप्पाने पाहिलं. “लां... लांबडं.”

“जन्मभर मी तुमचं नाव घेतलं न्हाई. आज तुम्ही त्याचं नाव घ्या.”

ईश्वरप्पाचे ओठ हलले, आवाज फुटेना. त्याने बहिणीकडे पाहिलं. लहानपणी आईने मारायला हात उगारला की असाच तो तिच्याकडे बघायचा. उमाबाई पुढे सरकल्याही, पण सिंधुने त्यांचा हात घट्ट धरला.

“दोर,” ईश्वरप्पा म्हणाला, आणि खाली बसला. “नागू... दोर आक्काच्या हातून सुटला न्हाई. माझ्या हातून सुटला. मुकादमानं हाक मारली, अन् मी... मी वळून ‘आलो’ म्हणलो...”

तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. नागुबाई त्याच्याकडे बघत होती, पण ओरडली नाही. बऱ्याच वेळाने तोच उठला, सिंधुचे कागद उचलून तिच्या हातात दिले.

“माझं नाव घातलंस का यात?”

“न्हाई, आप्पा.”

“घाल. अन् चल, मी येतो टपालात. चारच्या आत पडलं पाहिजे.”

बापलेक गेले. खोलीत दोघी उरल्या. उमाबाईंनी सवयीने तवा पुसायला घेतला.

“का केलंत असं, वन्सं?”

ते ‘वन्सं’ ऐकून उमाबाईंच्या हातातलं फडकं गळून पडलं. “तू विहिरीवर धावायचीस गं तेव्हा. दोघी-तिघी धरून ठेवायच्या तुला. नवरा बी परका झाला असता, तर कुणासाठी थांबली असतीस?”

नागुबाई सरकत सरकत जवळ आली. तिने नणंदेचे तळवे उलटे केले. दोराचे व्रण अजून होते.

“तुम्ही काठावर होता,” ती अडखळत म्हणाली. “मी तुमच्याशी बोलणं सोडलं, म्हणून विचारता बी आलं न्हाई... वन्सं, माझं लेकरू खाली काही बोललं का?”

उमाबाईंनी डोळे मिटले. संगूच्या त्या हाकेवाचून त्यांची एक दुपार गेली नव्हती. तेव्हा सांगितली असती, तर ही बाई त्याच पावली विहिरीत उडी घ्यायला गेली असती.

“बोलला. वर उन्हानं दगड तडकत होते... खालून हाक मारली त्यानं. ‘आत्ये, हितं लई गार हाय. अव्वाला बी बोलाव की!’”

नागुबाईच्या ओल्या चेहऱ्यावर हसू उमटलं, आणि ती उमाबाईंच्या मांडीवर डोकं टेकत म्हणाली, “त्याचंच हाय हे बोलणं. समद्याला ‘की’ लावायचा तो... विसरले होते मी, वन्सं.”