धुळामामाचं कोपर

"चिंत्या, तू खुजा झालास!"

शरयूनं दोन फोटो सतरंजीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि ती ओरडलीच.

"खुजा? मी?" चिंतामण उसळला. "दिवाळीपासून दोन बोटं वाढलोय! आईनं दारावर रेघ मारलीय, जाऊन बघ!"

१९४६ सालची मे महिन्याची सुट्टी. शरयूच्या हरिमामानं गेल्या दिवाळीत लष्करातून परतताना एक बॉक्स कॅमेरा आणला होता. एका रोलवर आठच फोटो निघत. म्हणून शरयू, तिचा धाकटा भाऊ चिंतामण आणि शेजारची विजयमाला रोज सकाळी सांगलीच्या नदीकाठच्या बागेत फिरत, पानंफुलं न्याहाळत आणि फार भांडून एखादाच फोटो काढत.

"आणि हा काय काढलास, रे?" शरयूनं तिसरा फोटो उचलला.

"तांबट पक्षी! करंजाच्या ढोलीतला!"

"तांबट कुटला? टिपका हाय ह्यो!" विजयमाला खो खो हसली. ती फलटणकडची. मावशीकडे राहून शिकत होती, पण बोली गावचीच ठेवली होती. मग तिचं हसू एकदम थांबलं. "शरे, ह्यो पट्टा बघ की."

बागेतल्या झाडांच्या बुंध्यांना गेरूचा पट्टा असे. फोटोत तो काळा दिसे. दिवाळीच्या फोटोत चिंतामण करंजाला टेकून उभा होता आणि पट्टा त्याच्या छातीशी होता. गेल्या आठवड्याच्या फोटोत तोच करंज, तोच चिंतामण, पण पट्टा थेट हनुवटीला भिडलेला!

"बाकीच्या झाडांचे पट्टे छातीलाच आहेत," शरयू सावकाश म्हणाली. "करंजाचाच वर कसा गेला?"

तिघंही धावत सुटली.

बागेत वेगळाच गोंधळ चालला होता. बागेचा सुपरवायझर नानासो, ताडासारखा उंच, फेटा सावरत गरजत होता. समोर बुटका म्हातारा माळी धुळामामा हात जोडून उभा.

"झाड वाळवलंस, धुळा! पानं बघ कशी माना टाकून बसलीत! पाणी घालायला नको तुला!"

"आवं, रोज दोन घागरी घालतोय मी! ह्या हातानं लावलेलं झाड हाय!"

"परवा बागेच्या कमिटीचे आबासाहेब येतील. झाड तोडायचं, आणि तुझीही सुट्टी!"

नानासो तरातरा निघून गेला. धुळामामा करंजाखाली मटकन बसला. वर ढोलीत तांबटाची पिल्लं चिवचिवत होती. म्हाताऱ्यानं बुंध्यावरून हात फिरवला आणि स्वतःशीच पुटपुटला,

"करंजाच्या झाडा, किती सावली घालशी,
दुखणं तुझ्या जिवा, कसा मुक्यानं सोसशी..."

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग संताप.

"धुळामामा, गेरूचा पट्टा किती उंच मारता तुम्ही?"

"कोपराएवढा, पोरी. बुंध्याला कोपर टेकवायचं, तिथं रेघ वढायची. माझ्या बापाची रीत. पण यंदा करंजाला मी लावला न्हाई गेरू. मी जत्रेस्नं आलो, तर लावल्याला व्हता."

धुळामामा उठून करंजाशी उभा राहिला. पट्टा त्याच्या कोपराच्या वीतभर वर होता!

विजयमालानं मागच्या बाजूला गेरू नखानं खरवडला आणि ती किंचाळली. आत साल नव्हतीच! नुसतं उघडं, पांढरं लाकूड. कुणीतरी बुंध्याभोवतीची साल सोलून वर गेरू फासला होता.

"साल काढली की झाड वाळतं," धुळामामानं उघड्या लाकडावर तळहात ठेवला. "कुना मेल्याचं काम ह्ये!"

"हिरवं झाड तोडायचं नाही, असा कमिटीचा नियम आहे. वाळलेलं तोडता येतं," शरयू म्हणाली. "आणि इथंच नानासोंना बँडचा चबुतरा बांधायचाय. वर त्यांच्या नावाची पाटी!"

"चला, आत्ताच सांगू आबासाहेबांना!" चिंतामणनं मुठी वळल्या.

"येडा हायस का? नानासो म्हणंल, गेरू धुळामामाच लावतोय, सालबी त्यानंच काढली." विजयमाला दात-ओठ खात होती. "त्येच्याच तोंडानं वदवून घ्यायला पायजे, गड्या!"

खरवडलेल्या जागी तिनं गेरूचा चिखल थापून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब काठी टेकत आले. नानासो इस्त्रीचा कोट घालून पुढं. इतक्यात कॅमेरा सरसावून चिंतामण आडवा आला.

"नानासो, तुमचा फोटो काढू? इथं, झाडाला टेकून! ऐटीत!"

नानासोनं मिशी पिळली आणि करंजाला कोपर टेकलं. नेमकं पट्ट्याच्या वरच्या कडेवर!

"वा!" शरयू म्हणाली. "पट्टा काय सरळ आलाय! धुळामामांना इतका सुबक कधी जमला नाही."

"हात थरथरतोय की त्येंचा," विजयमालानं री ओढली. "कुनी चांगला कारागीर आनला असंल."

"कारागीर कशाला?" नानासोची छाती फुगली. "धुळा जत्रेला गेला होता. मी स्वतः लावला, स्वतःच्या हातानं!"

"ऐकलंत, आबासाहेब?" शरयूचा आवाज चिरकला. "मग आता हे बघा!"

तिनं ओलं फडकं पट्ट्यावर खसाखसा घासलं. गेरूचे ओघळ वाहिले, आणि त्यामागून हातभर रुंद जखम उघडी पडली.

नानासोचा चेहरा पडला. "झाड... जुनंच झालं होतं... चबुतरा चांगला दिसला असता..."

"चांगला दिसला असता!" शरयू कडाडली. "वर पिल्लं आहेत! आणि आळ कुणावर घातलात? ज्यांनी हे झाड लावलं त्यांच्यावर!"

शरयूनं दोन्ही फोटो आबासाहेबांच्या हातात दिले आणि कोपराची रीत सांगितली. त्यांनी ते पाहिले, मग धुळामामाचं कोपर, मग नानासोचं. काठी जमिनीवर आपटली.

"नानासो, उद्यापासून बागेत पाऊल टाकायचं नाही. धुळा, झाड वाचेल?"

धुळामामा बुंध्याभोवती फिरला. एका कडेला गेरूखाली चार बोटं साल शाबूत होती. घाईत राहून गेलेली.

"शेण-माती लिंपतो. तग धरंल, देवाच्या दयेनं."

"शाबास, पोरांनो!" आबासाहेब म्हणाले. "तुमच्यासारखे डोळे कमिटीला हवेत. धुळा, लिंपून झालं की वर गेरू लाव. बाग नीट दिसायला हवी."

"नको!" शरयू म्हणाली. तिचा राग अजून निवला नव्हता. "झाकू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, काय केलं ते."

आबासाहेबांनी जखमेकडं पाहिलं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"पण रोल संपला ना?" विजयमालानं विचारलं. "शेवटचा फोटू त्या मिशीवर गेला!"

"छे! मी बटण दाबलंच नाही," चिंतामण हसला. "पिल्लू ढोलीतनं डोकावेल, तेव्हासाठी राखलाय."

शरयूनं वर ढोलीकडं पाहिलं, मग बुंध्याकडं. धुळामामा जखमेशी कोपर टेकवून उभा होता, आणि उरलेल्या गेरूची कड कोपराच्या वीतभर वर होती. पट्टा त्याच्या कोपराएवढाच हवा होता, हे आता सगळ्या बागेला दिसत होतं.

"पिल्लू पुढच्या रोलवर," ती म्हणाली. "धुळामामा, हलू नका!"

खट्!