पीयूषिका वाढते कुणाला?

आकाशवाडीच्या शाळेत त्या सकाळी एकच प्रश्न होता: मेथीचं पाणी गेलं कुठे?

आकाशवाडी म्हणजे चंद्राच्या पोटात वसवलेली माणसांची वसाहत. तिथे थेंब न् थेंब गाळून पुन्हा वापरतात आणि ज्याला त्याला आपल्या वाट्याचंच पाणी मिळतं. मुलांनी हौसेने मेथीचा वाफा लावला होता. रोपांना इवली पानं फुटली, सगळी वसाहत बघायला आली आणि मग एकाएकी रोपांनी माना टाकल्या. वाफ्याची टाकी कोरडी ठणठणीत! पाण्याची पाळी निहारची, म्हणून सगळे निहारवर तुटून पडले. "मी भरली होती टाकी, शप्पथ!" तो रडकुंडीला आला, पण ऐकतो कोण?

मागच्या बाकावर कृत्तिका मान खाली घालून बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते पाणी तिनेच प्यायलं होतं.

हल्ली तिला काय झालं होतं कोण जाणे. वाट्याचं पाणी घटाघटा संपवलं तरी घसा कोरडाच. प्यायलं की धावायचं लघवीला आणि परत येईतो पुन्हा तहान! असलं आईला तरी कसं सांगायचं? शेवटी तिने टाकीच्या नळीला तोंड लावलं होतं. आणि आता निहार बोलणी खात असताना तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. उठून उभी राहायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाईंनी तिला दवाखान्यात पाठवलं.

दवाखान्यात एक यंत्रमानव होता. पहिल्याच रुग्णाला त्याने काढा प्यायला सांगितला, तेव्हापासून त्याचं नाव पडलं काढेबुवा. त्याने रक्त तपासलं, लघवी तपासली, मेंदूचं चित्र काढलं.

"अलीकडे डोकं आपटलं होतं का गं?"

"छतावर," कृत्तिका पुटपुटली. "इथे उडी जरा जोरात मारली की..."

"तरीच! तुझ्या पीयूषिका ग्रंथीचं काम अडलंय."

"पीयूष?" कृत्तिका दचकली. "श्रीखंडाचं करतात ते? ते माझ्या डोक्यात असतं?"

काढेबुवांचे सगळे दिवे लुकलुकले. ते हसत होते. "असतं तर तुझी तहान तरी भागली असती! ऐक. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस (अधश्चेतक) नावाचा छोटासा भाग असतो. त्याच्या देठाला लोंबते ती वाटाण्याएवढी पीयूषिका. आता समज, पंगत बसलीय. हायपोथॅलॅमस हा यजमान. कुणाच्या पानात काय कमी आहे, यावर त्याची नजर. त्याने खुणावलं की पीयूषिका वाढायला धावते. वाढते काय, तर संप्रेरकं (रक्तातून जाणारे रासायनिक निरोप)."

"आणि जेवणारे कोण?"

"बाकीचे अवयव. गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच घे. निरोप आला की ती आपलं संप्रेरक बनवते. ते रक्तात पुरेसं झालं की यजमानाला कळतं, वाढणारीलाही कळतं आणि दोघं हात आखडता घेतात."

कृत्तिकाने नकळत हात आडवा धरला. "आपण पानावर असा हात धरून 'पुरे' म्हणतो, तसं?"

"अगदी तसंच! याला प्रत्याभरण (झालेल्या कामाची खबर मागे पोचणं) म्हणतात."

"मग माझी तहान 'पुरे' का म्हणत नाही?"

"रक्त खारट झालं की हायपोथॅलॅमस तुला तहान लावतो. शिवाय 'पाणी राखा' असा निरोप मूत्रपिंडांसाठी (रक्त गाळून लघवी बनवणारे अवयव) बनवतो. पीयूषिका तो साठवते आणि लागेल तसा सोडते. तुझ्या त्या देठाला सूज आलीय. निरोपच जात नाही, म्हणून मूत्रपिंडं पाणी सोडत राहतात. रक्त खारटच राहतं आणि यजमान तहान-तहान करतो."

काढेबुवांनी तिच्या नाकात एक फवारा मारला. त्यात तोच निरोप होता, माणसांनी बनवलेला. सूज उतरली की पीयूषिका कदाचित पुन्हा कामाला लागेल. तोवर मात्र मोजूनमापून औषध घ्यायचं, कारण निरोप जास्त झाला तरी अंगात नको तेवढं पाणी साठतं.

कृत्तिकाचा जीव भांड्यात पडला. तिने टाकीची सगळी हकिगत भडाभडा सांगून टाकली. "म्हणजे माझी काही चूक नव्हती ना?"

"तहान लागली, ही तुझी चूक नव्हती."

"आणि गप्प बसले, ते कुठल्या ग्रंथीमुळे?"

"तसली ग्रंथी माझ्या माहितीत नाही," काढेबुवा म्हणाले. कृत्तिकाचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहिली. "निहारने टाकी भरली होती. पाणी मी प्यायले."

निहारने मागे वळून पाहिलं. "मग काल का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"आणि माझं काय झालं असेल?" तो म्हणाला.

मधल्या सुट्टीत ती एकटीच वाफा उकरत बसली. वाळलेली रोपं उपटताना तिला रडू येत होतं. कुणीतरी शेजारी येऊन बसलं. निहार होता. एका हातात मेथीचे दाणे आणि दुसऱ्या हातात त्याच्या वाट्याच्या पाण्याचा पेला. तो तिच्या रिकाम्या पेल्यात पाणी ओतू लागला.

तिचा घसा आज ओला होता. कितीतरी दिवसांनी. तिने पेल्यावर आडवा हात धरला.

"पुरे," ती म्हणाली. "खरंच पुरे. वाफ्याला घाल."

निहारने तिच्याकडे एकदा नीट बघितलं, दाणे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "पेर मग. पाणी मी घालतो."