हात काढला की अडणारा काजवा

मुलांनो, तुमच्या तळहातावर एक काजवा बसला आहे असं समजा. खरा नव्हे हं! आगपेटीएवढी हिरवी पट्टी, तिच्या शेपटीला बारीकसा दिवा. हातात धरला की तो छान लुकलुकतो. टेबलावर ठेवला की एकदा चमकतो, दचकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. परत उचलला की शहाणा! काय बिघडलं असेल त्याचं?

दुर्वालाही हेच कळत नव्हतं. काजवा तिनेच बनवला होता, आईसाठी. आई उद्या सकाळी चंद्रावरच्या तळावर निघणार होती. दोन वर्षं तिथे काचेच्या मळ्यात मेथी, पालक, टोमॅटो पिकवायचे होते. दुर्वाला झोपवताना आई पाठीवर थोपटायची: दोनदा भरभर, एकदा सावकाश. काजवा त्याच तालावर लुकलुकणार होता. आईच्या सामानाची पेटी मात्र आज संध्याकाळीच बंद होणार होती.

"तुझ्यावर भारी जीव आहे गं त्याचा! तुझा हात सोडवत नाही," आई हसून म्हणाली होती.

"पण मी नाही ना येणार त्याच्याबरोबर!" असं म्हणून दुर्वाने काजवा खिशात घातला आणि थेट गावातली जोडणीशाळा गाठली.

जोडणीशाळेत मुलांनी काढलेले सर्किट बोर्ड (विजेच्या वाटा म्हणून तांब्याच्या रेषा छापलेल्या पट्ट्या) तयार करून मिळत. तिथला तपासनीस होता भिंगोजी नावाचा जुना यंत्रमानव. त्याच्या एका डोळ्याच्या जागी भलंमोठं भिंग होतं आणि मान वळवली की कुरकुर वाजायची.

"भिंगोजी, प्रोग्राम चुकलाय. मी तीनदा बदलला, तरी तेच!"

"प्रोग्राम चुकला असता, तर हातातही चुकला असता. तुझा हात काय त्याला पाढे शिकवतो?"

दुर्वाला हसू आलं. खरंच की! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भिंगोजीने आधी मीटर लावून पाहिलं. तीन व्होल्टचा सेल ठणठणीत होता. मग भिंग खाली आणून त्याने एकेक डाख (तार आणि पट्टी जोडणारा वितळवलेला धातू) निरखला. "डाख सुरेख दिलेस गं. आता या पट्टीचा तू काढून दिलेला नकाशा कपाटातून आण. पण वाचणार मी. इथला नियमच आहे, ज्याने काढला त्याने वाचायचा नाही."

"का बरं?"

"ज्याने काढला त्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं."

काजव्याच्या मधोमध मायक्रोकंट्रोलर होता (एकाच चिपमध्ये मावणारा छोटासा संगणक). त्याला दोन्ही बाजूंनी पाय होते. भिंगोजी एकेका पायावर बोट ठेवून विचारू लागला.

"हा?"

"सेलच्या धन टोकाकडे."

"हा?"

"दिव्याकडे."

"आणि हा कोपऱ्यातला?"

"तो बटणाकडे. बटण दाबलं की पायावर शून्य व्होल्ट येतात आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते."

"आणि बटण दाबलेलं नसताना?"

"तेव्हा काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे किती व्होल्ट?"

दुर्वा हळूच म्हणाली, "तीन?"

"ते त्याला कोणी सांगितलं?"

दुर्वाने नकाशा जवळ ओढला. त्या पायापासून एकच रेषा निघाली होती, बटणाकडे जाणारी. बटण दाबलेलं नसताना तो पाय कशालाच जोडलेला नव्हता.

तेवढ्यात जोडणीशाळेचं मागचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं. भिंगोजीची मान कुरकुरली. "बघ, कोण बोलतंय ते! त्या दाराला ना कडी, ना अडसर. वारा ढकलेल तिकडे जातं. तुझा पायही तसाच मोकळा लोंबकळतोय. भिंतीतल्या वायरी, पंखे, दिवे यांच्यामुळे आसपास विजेचे बारीक हेलकावे सतत चालू असतात. त्या हेलकाव्यांनी तो पाय शून्याकडे झुकला, की चिपला वाटतं बटणच दाबलं!"

दुर्वाने केसांचा रबर काढला. त्याचं एक टोक दाराच्या मुठीत आणि दुसरं भिंतीवरच्या खिळ्यात अडकवलं. दार उघडं राहिलं, वाऱ्यालाही हललं नाही. हाताने ढकललं तर मिटलं, सोडल्यावर पुन्हा उघडलं.

"म्हणजे त्या पायाला तीन व्होल्टकडे ओढून धरायचं! मग तार जोडू का सरळ?"

"दाराला खिळा ठोकलास तर मिटेल कसं? तारेने जोडून बटण दाबलंस, तर सेलची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतील. शॉर्ट सर्किट! इथे हलका हात हवा. एरवी धरून ठेवणारा, पण बटणाने मागितलं की सोडणारा. रोधक लाव (विजेला अडवून थोडीशीच जाऊ देणारा तुकडा). दहा हजार ओहमचा. काही चिपांच्या आतच तो असतो, तुझ्या चिपमध्ये नाही."

"पण मग माझ्या हातात कसा चालायचा?"

"धरून दाखव बरं."

दुर्वाने काजवा नेहमीसारखा चिमटीत धरला. तिचा अंगठा सेलच्या धन टोकावरही होता आणि त्या कोपऱ्यातल्या पायावरही.

"अय्या! माझा अंगठाच रोधक झाला होता!"

"झाला होता. कातडीतूनही किंचित वीज वाहते. या चिमुकल्या सेलपुरतं ठीक आहे हं. भिंतीतल्या प्लगशी हा खेळ कधीच नाही!"

दुर्वाने डाख दिला. मोहरीएवढा रोधक जागेवर बसला. तिने काजवा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

दोनदा भरभर. एकदा सावकाश. पुन्हा दोनदा भरभर, एकदा सावकाश.

ती धावतच घरी गेली. आई पेटीचं झाकण लावत होती. काजव्याचा ताल तिने लगेच ओळखला आणि त्याला दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं.

"धरून नको ठेवूस गं आई," दुर्वा म्हणाली. "खाली ठेव. आता तो एकटाही चालतो."

आईने काजवा कपड्यांच्या घडीवर ठेवला. दोघी बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग झाकण लागलं.

दुर्वाने टेबलावर कोरा कागद पसरला. आता दुसरा काजवा. चंद्रावरून आईने निरोप धाडला की इथे लुकलुकणारा. कोपऱ्यात तिने बटण काढायला पेन्सिल टेकवली, थांबली, आणि आधी रोधक काढला.