न दिसलेला बहर

रसायनशास्त्राचं पुस्तक वाचून कुणी हसतं का? पण तो हसत होता. चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यामागे उपड्या खोक्यावर बसून तो पोरगा खुदुखुदु हसत होता... आणि पुस्तक नेव्हेनाचं होतं. मलपृष्ठावरचा कॉफीच्या पेल्याचा गोल डाग तिने लांबूनच ओळखला.

खरं तर ती दुसऱ्याच पुस्तकासाठी आली होती. औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची ही पोरगी डॅन्यूबकाठच्या सिलिस्ट्राहून सोफियाला शिकायला आलेली, आणि तो आठवडा तिच्या मुळावरच उठला होता. सोमवारी तोंडी परीक्षेत तिने चिठ्ठी काढली, ती नेमकी न वाचलेल्या प्रकरणाची. सहापैकी दोन, म्हणजे नापास. मंगळवारी रागाच्या भरात ते पुस्तक ती याच ठेल्यावर विकून गेली. तेव्हा इथे एक मिशाळ म्हातारा बसला होता. बुधवारी खोलीतली मैत्रीण आपल्या मित्राकडे राहायला गेली, जाताना दोघींची शेगडीही घेऊन गेली. गुरुवारी ताप आला. दुष्काळात तेरावा महिना! शुक्रवारी पोस्टातल्या फोनवरून तिने घरी रडून घेतलं. बाबा म्हणाले, "ये गं परत. आत्याला कापडदुकानात कुणीतरी हवंच आहे." तिलाही ते पटलं. आज ताप उतरला होता, म्हणून बसमध्ये वाचायला एखादी कादंबरी घ्यावी, जिच्यात एकही सूत्र नसेल अशी, एवढाच तिचा बेत होता.

"यात हसण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं. डोळे करडे, नाक थंडीने लाल. "ऐका हं. पान एकशे बारा, समासात लिहिलंय— 'बेन्झीनला सहा कोपरे आहेत आणि मला बसायला एकही नाही. खोलीत आज पुन्हा तिचा मित्र आलाय.'"

नेव्हेनाचे कान तापले. "ते माझं पुस्तक आहे."

"तू?" तो ताडकन उभा राहिला. "भूक लागली की जिला सरांची मिशी चीज भरलेल्या बानित्सासारखी दिसते, ती तू?"

"ओळख ना पाळख, एकदम एकेरीवर?"

"मंगळवारपासून रोज तुझ्याशी बोलतोय. आता अहो-जाहो कुठून आणू?"

खरंच बोलत होता तो. तिच्या प्रत्येक टिपणाखाली बारीक पेन्सिलीने उत्तर होतं. सहा कोपऱ्यांखाली लिहिलं होतं, 'आमच्या ठेल्यावर एक खोकं कायम रिकामं असतं.' ते वाचून तिला हसू आलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच हसलो हे लक्षात येताच डोळेही भरून आले.

"दे इकडे," ती म्हणाली.

"विकायचं नाही ते. माझी पन्नास पानं वाचायची राहिलीत."

"मलाही नकोच आहे. मी... मी शिक्षण सोडून घरी चाललेय."

त्याचं हसू मावळलं. "फेरपरीक्षा नाही?"

"एप्रिलमध्ये आहे. पण परत त्या टेबलासमोर उभं राहायची ताकद नाही माझ्यात."

तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. मार्चची पहिली तारीख होती. चौकात ज्याच्या त्याच्या हातावर लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा होती, अगदी ट्रामच्या चालकाच्याही. नेव्हेनाचा हात मात्र मोकळा होता. आपली आपण बांधायची नसते, आणि तिला बांधणारं या शहरात कुणी उरलं नव्हतं.

त्याने खिशातून दोरा काढला. "हात कर पुढे."

गार बोटांनी त्याने एक गाठ मारली, मग दुसरी, मग उगाचच तिसरी. "माझं नाव यासेन. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ठेला स्तामेनमामांचा. आता नियम तुला ठाऊकच आहे. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत ही सोडायची नाही. तोवर थांब. झाड दिसलं की इथे ये, मला सांग, आणि खुशाल जा. मी अडवणार नाही."

"तू कोण अडवणारा?"

"तेच तर म्हणतोय." त्याने स्वतःचं मनगट पुढे केलं. "आता माझीही बांध."

"का, मामांनी नाही बांधली?"

"मामा गाठ मारत नाहीत गं, फास आवळतात."

त्या वर्षी मार्ता आजी, म्हणजे आमचा मार्च महिना, फारच लहरी निघाली. पाचला बर्फ पडला, सातला ऊन. नेव्हेना रोज दुपारी रिकाम्या खोक्यावर येऊन बसायची. पुस्तक काही यासेन तिला घरी नेऊ द्यायचा नाही, 'अजून वाचतोय' म्हणायचा. म्हणजे रोज येणं आलंच. तो प्रश्न विचारायचा, ती उत्तर द्यायची. चुकली की बानित्साचा एक तुकडा त्याचा, बरोबर आलं की तिचा. पहिल्या आठवड्यात यासेन चांगलाच सुटला.

"गिऱ्हाईक बघ, गाढवा!" मामा ओरडायचे. "ती पास होईल, पण माझं दिवाळं निघेल!"

आणि निघताना रोज तेच व्हायचं.

"दिसलं झाड?"

"छे. तुला?"

"मलाही नाही."

मार्चच्या मध्यावर जंगली आलुबुखार फुलले. एक नाही, दोन नाही, अख्खं सोफिया पांढरंशुभ्र झालं. नेव्हेना बुटांच्या टोकांकडे बघत चालायला लागली. "मान अवघडली का गं पोरी?" मामांनी विचारलं. तिने ताप अंगात असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर ठेल्याचं तोंड रस्त्याऐवजी भिंतीकडे!

"हे काय?"

"वारा लागतो," यासेन म्हणाला.

ट्रामच्या रुळांपलीकडचा आलुबुखार आता तिच्या पाठीमागे गेला होता. त्याच दुपारी यासेनने तिच्या केसांतून काहीतरी पांढरं अलगद उचललं. त्याची बोटं कानापाशी क्षणभर रेंगाळली, आणि तिला पाठ असलेलं सूत्र सपशेल विसरायला झालं.

"काय होतं?"

"कागदाचा कपटा," असं म्हणून त्याने तो कपटा जपून खिशात ठेवला.

एप्रिलात ती टेबलासमोर उभी राहिली. मनगटावर मळून करडा झालेला दोरा होता. तिने चिठ्ठी उचलली. बेन्झीन! सहा कोपरे आठवले, खोकं आठवलं, आणि ती बोलतच सुटली. सहापैकी पाच पडले.

धावत ती चौकात आली तेव्हा तिला धाप लागली होती. "पास झाले! आणि... यासेन, मी खोटं बोलले. बारा मार्चला वसतिगृहासमोरचा आलुबुखार फुलला. मी पडदा ओढून बसले. तुला सांगितलं असतं तर मला जावं लागलं असतं."

यासेनने हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"मी तर दहालाच एक फुललेला पाहिला होता," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर... तू गेली असतीस. आणि मला तू हवी आहेस, नेव्हेना. पास हो, नापास हो, पण इथे राहा."

"राहते," ती म्हणाली. एवढंच म्हणता आलं तिला.

"ठेला सरळ करा आता!" मागून मामा गरजले. "महिनाभर भिंतीला पुस्तकं विकतोय मी!"

दोघांनी मिळून ठेला फिरवला. रुळांपलीकडच्या आलुबुखाराचा बहर केव्हाच झडून गेला होता, हिरवी पानं आली होती. तरी रिवाजाप्रमाणे दोन्ही दोरे त्यांनी त्याच्याच एका फांदीला बांधले. तिसरी गाठ सुटेना, तेव्हा यासेनने ती दातांनी सोडवली, आणि नेव्हेनाला तिचं मनगट कितीतरी वेळ उबदार वाटत राहिलं.

आता मामा नाहीत, त्या जागी ठेलाही नाही. ते पुस्तक मात्र नेव्हेनाच्या औषधांच्या दुकानात, गल्ल्याखालच्या खणात आहे. पान एकशे बारावर एक पाकळी आहे, जुन्या कागदासारखी पिवळी पडलेली. दर वर्षी मे उजाडला तरी नवराबायकोच्या मनगटांवर मळका दोरा तसाच असतो. दुकानासमोरची झाडं फुलून झडून जातात, गिऱ्हाइकं बोट दाखवून हसतात.

"यंदा बहराला जरा उशीरच झालाय," नेव्हेना गंभीर चेहऱ्याने सांगते.