मोहरीच्या उशीवरचा डाग

"सविता, थांब ना! टेम्पो सुटायला अजून अर्धा तास आहे!" मेघा ओट्यावरून ओरडली.

"थांबून काय करू? तुमच्या घरात आम्ही चोर!" सविताने डोक्यावरची पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही.

मेघाचा भाऊ कुंदन मान खाली घालून उभा राहिला. सुट्टीत तिघं गिरणा नदीच्या वाळूत किल्ला बांधणार होती. पण दहा दिवसांपूर्वी मेघाचे आजोबा, आबा, गेले, आणि त्यांचा घडीचा चाकू सापडेना. आबांच्या आजोबांपासून चालत आलेला, शिसवी मुठीचा. आबांजवळ शेवटी सविताचे वडील, पुनाकाका, बसले होते. तीस वर्षं याच घरच्या केळीत राबलेले.

"दुसरं कोण नेणार?" मेघाचे बाबा, प्रेमराज, भरल्या घरात बोलून गेले. पुनाकाकांनी सामान बांधलं. आज ते रावेरला निघाले होते, कायमचे.

"अगं, बाळाच्या उशीला हा काळा डाग कसला?" आतून दिपमालाआत्याचा आवाज आला. "पुसला तरी जात नाही!"

आत्या बाळंतपणाला आली होती. विटाळ म्हणून तिच्या अंथरुणाला पहिले दहा दिवस कोणी शिवत नव्हतं. तिन्ही मुलांनी, सवितानेही, दारातूनच डोकावलं.

"ए, हा केळीचा चीक!" कुंदन ओरडला. "ओला असताना दिसत नाही, मग काळा पडतो. माझे सगळे शर्ट बघ!"

"मग बाळच घड उतरवायला गेलं असेल!" सविताला राहवलं नाही.

मेघा मात्र हसली नाही. "आबांनी जायच्या आधी गुरुवारी नैवेद्यासाठी केळीचं पान कापलं होतं. चाकू पुसायचंही त्राण नव्हतं त्यांना... आत्या, बाळ झोपेत दचकायचं ना?"

"हो गं. पण त्या गुरुवारपासून दचकत नाही..." आत्या थबकली. दचकणाऱ्या बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात! "मी न्हाणीत होते तेव्हा आबा..."

मेघाने उशीच्या खोळीत हात घातला. मोहरी सळसळली. बोटांना शिसवी मूठ लागली!

बाबांनी घरातल्या पेट्या उपसल्या होत्या, पुनाकाकांच्या पिशव्यासुद्धा. ही उशी कोणी उचललीच नव्हती.

तिघं टेम्पोकडे धावली. मागून बाबा, अनवाणी.

"पुना, चुकलो रे!"

पुनाकाकांनी चाकू हातात घेऊन उघडला. पात्यावरचा वाळलेला चीक अंगठ्याने खरवडला. "भाऊ, तुम्ही भरेल घरमा बोलनात. आते बठ्ठा गावसमोर बोला."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. चहाच्या टपरीवरची माणसं वळली. बाबांनी सगळ्या गावासमोर हात जोडले. "पुना चोर नाही! चोरी झालीच नव्हती. मी आंधळा झालो होतो, माझ्यापेक्षा ही पोरं शहाणी!"

पुनाकाकांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "शाबास रे पोरेसहो! तुमले आबानी नजर शे." आबांसारखी नजर असलेल्या मेघाच्या हातात त्यांनी चाकू ठेवला.

पिशव्या खाली उतरल्या. सगळे घरी परतले. आबांची खाट अंगणात उभी करून ठेवलेली होती.

मेघाने चाकू मिटला आणि पुन्हा मोहरीच्या उशीत सरकवला. डाग तसाच राहू दिला.